मांजर चावलं: डॉक्टरांना खरं सांगा, मांजरही वाचेल

पाळलेलं मांजर चावलं की माणसं बहुतेक वेळा दोनदा खोटं बोलतात. आधी स्वतःशी: "एवढंसं तर आहे." मग डॉक्टरांशी: "खिळा लागला." पहिल्या खोट्याने हात बिघडतो. दुसरं खोटं मांजराच्या काळजीपोटी बोललेलं असतं, पण ते शेवटी मांजराच्याच अंगाशी येतं.

ही भीती अगदी निराधार नाही. जिवंत जनावराला रेबीज आहे की नाही हे खात्रीने सांगणारी चाचणी उपलब्ध नाही. त्यासाठी मेंदूचा नमुना लागतो, म्हणजे जनावर मेलेलं असावं लागतं. "चावलं म्हणून सांगितलं तर मांजर घेऊन जातील" हा धसका तिथून येतो. पण कुत्रा आणि मांजर यांच्या बाबतीत दुसरा रस्ता आहे आणि तो जगभर मान्य आहे: १० दिवसांचं निरीक्षण. त्यासाठी मांजर जिवंत असावं, तेच मांजर आहे याची खात्री असावी आणि ते नजरेसमोर असावं, एवढंच लागतं. लपवाछपवी केली की नेमक्या याच गोष्टी हातातून जातात.

पहिली पंधरा मिनिटं

दात अजून हातात रुतलेले असतील तर हात हिसकू नका. हिसकल्याने भोक फाटतं आणि मांजर आणखी घट्ट धरतं. हात सैल सोडा, किंचित मांजराच्या दिशेने ढकला, पकड सुटते. मग मांजराला त्याच खोलीत ठेवून तुम्ही बाहेर या आणि दार लावून घ्या. मारू नका, ओरडू नका, पाठलाग तर मुळीच नको. घाबरलेलं मांजर खिडकीतून पळालं तर पुढचा सगळा मार्गच अवघड होऊन बसतो.

आता नळ सोडा. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, घड्याळ लावून. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली ही वेळ आहे आणि ती वाटते त्यापेक्षा बरीच मोठी असते. बहुतेकांचं धुणं दीड मिनिटात उरकतं. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं, म्हणून नुसतं पाणी पुरत नाही. भोकाच्या कडा बोटांनी हलकेच विलग करून पाणी आत जाऊ द्या. रक्त काढण्यासाठी जोरजोरात दाबणं, तोंडाने चोखणं, ब्रशने घासणं यातलं काहीही करू नका. धुऊन झाल्यावर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक असेल तर लावा.

घरातली कुठलीही पूड, लेप, तेल किंवा मलम जखमेत भरू नका. भोक बंद करणारी चिकटपट्टीही नको; स्वच्छ गॉज सैलसर ठेवला की पुरे. चावा हाताला असेल तर अंगठ्या, बांगड्या, घड्याळ लगेच उतरवा, कारण तासाभरात बोट सुजलं की अंगठी कापूनच काढावी लागते. जखमेचा एक फोटो घ्या आणि चावल्याची वेळ लिहून ठेवा.

किती घाई करायची?

मांजराचे सुळे बारीक आणि अणकुचीदार असतात. वरून दिसतो तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. पण दात आत, कधी सांध्यापर्यंत तर कधी स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायूबंधाच्या आवरणापर्यंत, जंतू पोहोचवून बाहेर आलेला असतो आणि वरची त्वचा काही तासांत मिटते. कुत्र्याची जखम फाटलेली, रक्ताळलेली, भीतीदायक दिसते, म्हणून माणूस धावतो. मांजराची दिसत नाही, म्हणून थांबतो. प्रत्यक्षात संसर्गाचं प्रमाण मांजराच्या चाव्यात कुत्र्याच्या चाव्याहून बरंच जास्त आहे. वैद्यकीय पुस्तकांत ते साधारण ३० ते ५० टक्के दिलेलं असतं.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००९ ते २०११ या काळातल्या, हाताला मांजर चावलेल्या १९३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यातल्या ५७ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि त्यांपैकी बहुतेकांना शस्त्रक्रियेने जखम उघडून धुवावी लागली. चावल्यापासून डॉक्टरांपर्यंत पोहोचायला लोकांना सरासरी २७ तास लागले होते. मांजरांच्या तोंडात सर्रास आढळणारा पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू बहुधा १२ ते २४ तासांत आपलं काम दाखवतो. "उद्या सकाळी बघू" म्हणून जी रात्र आपण घालवतो ती नेमकी हीच.

म्हणून हात, मनगट, पाऊल, चेहरा, मान किंवा सांध्याजवळ दात रुतला असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. चावा कुठेही असो, मधुमेह असेल, प्लीहा काढलेली असेल, यकृताचा जुना आजार असेल, स्टेरॉईड किंवा केमोथेरपी चालू असेल, कृत्रिम सांधा किंवा हृदयाची झडप बसवलेली असेल, तरी त्याच दिवशी. लहान मुलं, गरोदर बाई आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीतही थांबू नका. मांजर अनोळखी असेल तर रेबीजसाठी त्याच दिवशी जायलाच हवं.

पुढची लक्षणं दिसली तर मात्र दवाखाना उघडायची वाट न बघता थेट आपत्कालीन विभाग गाठा: जखमेपासून वर सरकणारी लाल रेघ, ताप आणि थंडी, अख्खं बोट एकसारखं सुजणं, बोट वाकलेल्या स्थितीत राहणं आणि सरळ करताना जीवघेणी कळ येणं, बधिरपणा, पू. बोटाची ही लक्षणं स्नायूबंधाच्या आवरणातल्या संसर्गाची असतात. तिथे दिवसाचा उशीर झाला तरी बोटाची हालचाल कायमची कमी होऊ शकते. लाली पसरते आहे का हे कळत नसेल तर तिच्या कडेने पेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. दोन तासांनी लाली रेघ ओलांडून गेली असेल तर ती पसरते आहे हे नक्की, लगेच निघा.

ओरखडा असेल तर? मांजर पंजे चाटतं, म्हणून रक्त आलेला ओरखडा रेबीजच्या हिशेबात चाव्याइतकाच धरतात. धडधाकट त्वचेवर नुसतं चाटलं असेल तर काही करावं लागत नाही. रक्त न आलेला बारीक ओरखडा मधल्या वर्गात येतो आणि त्यालाही लस सांगितली आहे.

निघण्याआधी मांजराची कागदपत्रं

मांजराच्या बचावाचं निम्मं काम इथे होतं. लसीकरण कार्डाच्या ज्या पानावर रेबीजच्या लसीचं नाव, तारीख, पुढची तारीख आणि पशुवैद्यांची सही आहे, त्याचा फोटो घ्या. मांजराचा स्पष्ट फोटो, मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर, पशुवैद्यांचा फोन नंबर हेही हाताशी ठेवा. कार्ड सापडत नसेल तर पशुवैद्यांना फोन करून नोंद पाठवायला सांगा. लसीची मुदत उलटून गेली असेल तर तसंच सांगा. मुदत संपलेली लस आणि कधीच न दिलेली लस यांत फरक आहे आणि डॉक्टरांना तो कळतो.

मांजर दुसऱ्याचं असेल तर मालकाशी भांडू नका. भांडलात की तो कार्ड दाखवणार नाही. त्याला एवढंच विचारा: लस झाली आहे का, कार्डाचा फोटो मिळेल का, आणि १० दिवस मांजर घरात ठेवून ते ठीक आहे हे कळवाल का? शेवटची विनंती सगळ्यात महत्त्वाची.

रस्त्यावरचं मांजर असेल तर त्याला रोज खायला घालणारं कुणीतरी बहुधा असतंच, त्या माणसाला गाठा. मांजराचा फोटो मिळवा. कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर ते नसबंदी केलेलं मांजर असण्याची शक्यता आहे आणि अनेक ठिकाणी नसबंदीच्या वेळी लसही देतात. तो पुरावा मात्र धरता येत नाही. अशा मांजराला पकडायला धावू नका, दुसरा चावा मिळेल. स्वतःची लस त्याच दिवशी सुरू करा.

घरातलं कुणीतरी एव्हाना म्हणालेलंच असतं, "लांब कुठेतरी सोडून द्या त्याला." याच्याइतका वाईट सल्ला दुसरा नाही. मांजर गेलं की निरीक्षण गेलं, आणि तुमच्या अंगात रेबीज शिरला की नाही हे सांगू शकणारा एकमेव साक्षीदारही गेला.

डॉक्टरांना काय सांगायचं

गेल्या गेल्या एका दमात सांगून टाका: "आज सकाळी दहाला माझं स्वतःचं मांजर उजव्या हाताच्या तर्जनीला चावलं. औषध पाजत होतो तेव्हा चावलं. ते घरातच असतं, रेबीजची लस अमुक तारखेची आहे, हे कार्ड. मांजर सध्या खोलीत बंद आहे, १० दिवस लक्ष ठेवता येईल. जखम साबणाने १५ मिनिटं धुतली आहे." त्यापाठोपाठ तुमची माहिती: कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी, विशेषतः पेनिसिलीनची, धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी, आधी कधी रेबीजची लस घेतली होती का, गरोदरपण, मधुमेह, चालू औषधं.

चावा कोणत्या प्रसंगी झाला हे जरूर सांगा. औषध पाजताना, आंघोळ घालताना, दोन मांजरांचं भांडण सोडवताना चावणं आणि काहीही कारण नसताना झोपलेल्या माणसावर झेप घेणं यांत धोक्याच्या दृष्टीने फरक आहे. "हल्ला केला" असा मोघम शब्द तुम्ही वापरलात तर कागदावर तोच उतरतो. घडलं तसं सांगा, त्यात तिखटमीठ नको आणि काटछाटही नको.

"खिळा लागला" म्हटल्याने काय बिघडतं? औषध चुकतं. त्वचेच्या साध्या संसर्गाला नेहमी दिली जाणारी काही अँटिबायोटिक, उदाहरणार्थ सेफॅलेक्सिन, पाश्चुरेलावर नीट चालत नाहीत. मांजराच्या चाव्याला पहिली पसंती अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडला असते आणि पेनिसिलीन चालत नसेल तर डॉक्टर दुसरी जोडी निवडतात. शिवाय चाव्याचं भोक, खास करून हातावरचं, शक्यतो टाके घालून बंद करत नाहीत. खिळा समजून कुणी ते शिवून टाकलं तर जंतू आत कोंडले जातात. आणि रेबीजचा तर विचारच होत नाही. घरात आधीच्या आजारातून उरलेल्या गोळ्या चालू करण्याचा मोहही याच कारणाने टाळा.

बऱ्याच देशांत जनावराच्या चाव्याची नोंद आरोग्य खात्याला कळवणं डॉक्टरांना बंधनकारक असतं. त्यांनी फॉर्म काढला तर दचकू नका. शांतपणे तीन गोष्टी विचारून घ्या: ही नोंद कुणाकडे जाईल, मांजराला घरीच निरीक्षणात ठेवता येईल का, आणि १० दिवसांनी कुणाचं प्रमाणपत्र चालेल. नियम जागोजागी वेगळे असतात. लस झालेल्या पाळीव मांजराला घरीच ठेवायची परवानगी अनेक ठिकाणी मिळते, लस नसेल तर काही ठिकाणी पशुवैद्यांकडे किंवा निवारागृहात ठेवायला सांगतात. फोन आला तर उचला. टाळाटाळ करणाऱ्या मालकाबद्दलच अधिकाऱ्यांना शंका येते.

तुमची लस मांजराला वेळ मिळवून देते

रेबीजची लस घेणं म्हणजे मांजरावर आरोप करणं, असं काहींना वाटतं. मला वाटतं नेमकं उलटं आहे. तुम्ही वेळेवर लस सुरू केली की मांजराला मारून मेंदू तपासायची घाई कुणालाच उरत नाही. १० दिवस थांबायला सगळे तयार होतात, कारण दरम्यान तुम्ही सुरक्षित असता. लस नाकारून "माझं मांजर शुद्ध आहे" म्हणत बसणारा माणूस स्वतःचा जीव तर टांगणीला लावतोच, मांजराचाही लावतो. रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही, त्यामुळे डॉक्टर इथे भिडेखातर काही सोडणार नाहीत आणि सोडूही नये.

दात त्वचेच्या आत गेला असेल आणि त्या भागात रेबीज असेल, तर लसीबरोबर इम्युनोग्लोबुलिनही लागतं. ते जखमेत आणि भोवती टोचतात, दुखतं. लसीला प्रतिपिंडं तयार करायला दिवस लागतात, तोवर हे तयार प्रतिपिंड जखमेतच विषाणूला अडवतं. पहिल्या दिवशी ते मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून ७ दिवसांपर्यंत देता येतं, त्यानंतर उपयोग नाही. लसीचं वेळापत्रक पद्धतीनुसार बदलतं: स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि १४ ते २८ यांतला एक दिवस, काही ठिकाणी पाचवी मात्राही, त्वचेत द्यायची असेल तर वेगळं. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल तर बहुधा ० आणि ३ या दोनच मात्रा लागतात, इम्युनोग्लोबुलिन लागत नाही. गरोदरपण ही लस टाळायचं कारण नाही. ब्रिटन, जपान, न्यूझीलंड यांसारख्या, जमिनीवरच्या प्राण्यांत रेबीज नसलेल्या देशांत डॉक्टर बहुधा लस लागणार नाही म्हणतील. जखमेचं आणि अँटिबायोटिकचं प्रकरण तिथेही तितकंच गंभीर असतं.

घाण शिरलेल्या जखमेला धनुर्वाताच्या शेवटच्या इंजेक्शनला ५ वर्षं उलटली असतील तर पुन्हा एक मात्रा देतात. तारीख आठवत नसेल तर तसं सांगा, डॉक्टर देऊन टाकतील.

घरातले १० दिवस

दहाच दिवस का? रेबीज झालेल्या मांजराच्या लाळेत विषाणू उतरतो तो लक्षणं दिसण्याआधी काही दिवसच, आणि लक्षणं दिसल्यावर मांजर थोड्याच दिवसांत मरतं. म्हणजे चावल्यानंतर १० दिवसांनीही ते ठणठणीत असेल, तर चावलं त्या दिवशी लाळेत विषाणू नव्हता. चाव्याचा दिवस शून्य धरा.

एक खोली ठरवा. खिडक्यांना जाळी, आत मातीचा ट्रे, पाणी, लपायला खोका. बाहेर सोडायचं नाही, पाहुण्यांना आणि मुलांना खोलीत पाठवायचं नाही, कुणाला सांभाळायला द्यायचं नाही. शक्यतो एकाच माणसाने बघावं आणि खेळायचं ते काठीच्या खेळण्याने, हाताने नाही. लस राहिलेली असेल तर घाईने याच काळात टोचू नका, कारण लसीने आलेली मरगळ आजाराच्या लक्षणासारखी दिसू शकते.

रोज एकाच वेळी मांजराकडे नीट बघा आणि वहीत दोन ओळी लिहा: खाल्लं का, पाणी प्यालं का, चाल कशी आहे, आवाज नेहमीचा आहे का. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. पुढे कुणी शंका घेतली तर हीच वही कामी येते. आवाज बदलणं, लाळ गळणं, जबडा लोंबणं, गिळता न येणं, मागचे पाय लटपटणं, झटके, माणसाळलेलं मांजर एकाएकी चवताळणं किंवा अंधाऱ्या कोपऱ्यातून बाहेरच न येणं, यातलं काहीही दिसलं तर हात लावू नका. दार बंद करा आणि पशुवैद्य व तुमचे डॉक्टर दोघांनाही फोन करा. सगळ्याच लक्षणांचा अर्थ रेबीज नसतो; दाढ सडलेलं मांजरही लाळ गाळतं. पण तो निर्णय पशुवैद्यांचा आहे. आणि खरंच मेंदूच्या आजाराची लक्षणं असतील तर पशुवैद्यांच्या हातून शांत मरण हीच त्या मांजरावरची शेवटची दया असते. हे कठीण आहे, पण तिथे अडून बसू नका.

मांजर या काळात मेलं तर पुरू नका. हातमोजे घालून, डोक्याला इजा न होऊ देता, दुहेरी पिशवीत गुंडाळून थंड जागी ठेवा, गोठवू नका, आणि लगेच कळवा. पळालं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मग लसीचा कोर्स पूर्ण करायचा.

सुरुवातीला एकदा आणि दहाव्या दिवशी एकदा पशुवैद्यांकडून तपासून घ्या आणि लेखी प्रमाणपत्र मागा. पहिल्या भेटीत चाव्याचं कारणही शोधता येतं. सांधेदुखी, दातदुखी, थायरॉईडचा त्रास असलेली म्हातारी मांजरं हात लावला की चावतात. कधी खिडकीबाहेरच्या बोक्याचा राग जवळच्या माणसावर निघतो.

नंतरचं

अँटिबायोटिक सुरू करून २४ ते ४८ तासांत दुखणं, लाली, सूज कमी होताना दिसायला हवी. तसं झालं नाही तर तेच औषध निमूटपणे घेत राहू नका, परत जा. बरं वाटलं म्हणून गोळ्या मधेच सोडू नका. दहा दिवसांनी मांजर ठीक असेल तर लसीच्या उरलेल्या मात्रा थांबवता येतात, पण प्रमाणपत्र दाखवून, डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

एक ते तीन आठवड्यांनी काखेत, कोपरात किंवा मानेत दुखरी गाठ आली आणि बारीक ताप राहिला तर मांजराचा चावा डॉक्टरांना पुन्हा आठवून द्या. बार्टोनेला नावाच्या जंतूचा हा आजार असू शकतो. तो मुख्यतः पिल्लांकडून येतो आणि मांजरांमध्ये पिसवांमधून पसरतो, म्हणून मांजराच्या अंगावर पिसवा दिसल्या तर पशुवैद्यांकडून त्यांचं औषध घ्या. रेबीजची लस राहिली असेल तर ती अकराव्या दिवशी टोचून घ्या आणि नव्या कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा.